पल्लवीच्या गावात माझी पेटी

रत्नागिरीला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "वेरूळ बघितलंत का?" नाही बघितलं. अजिंठाही नाही. मकबऱ्याच्या जवळून रिक्षा गेली तेव्हा घुमट तेवढा दिसला. छत्रपती संभाजीनगरला जाऊन मी भाकरी खाल्ली, हुरडा खाल्ला, गुलमंडीत हिंडले, एका मैदानावर पेटी वाजवली आणि उरलेला सगळा वेळ माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीचा हेवा करण्यात घालवला. लेण्यांची वर्णनं पुष्कळांनी लिहिली आहेत. मी बघितलं ते लिहिते.

दर हिवाळ्यात बायकांचा एक संगीत मेळा मराठवाड्यातून फिरतो. गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, माइक लावणाऱ्या, ध्वनिमुद्रण करणाऱ्या, सगळ्या बायकाच. त्याचं छापील नाव लांबलचक आहे, म्हणून त्यात जाणाऱ्या सगळ्याजणी त्याला नुसतं 'फेरी' म्हणतात. फेरी धाराशिवहून निघते आणि लातूर, नांदेड, जालना करत संभाजीनगरला संपते. प्रत्येक गावची मैफल जशी होते तशीच मुद्रित होते. टाळ्या, खोकला, मागच्या रांगेतलं रडणारं पोर, सगळ्यासकट. मग साऱ्या गावांतलं निवडक एकत्र करून एक संग्रह काढतात. असे दोन संग्रह निघालेत. दोन्हींत पल्लवी आहे, आणि दुसऱ्याची तर सुरुवातच तिच्या आवाजानं होते.

पल्लवी आणि मी रत्नागिरीत एकाच खोलीत शिकलो. आमच्या बाई तिला गाणं शिकवायच्या आणि मला पेटी. ती गायची, मी मागून सूर धरायचे. मग तिचं लग्न झालं, ती संभाजीनगरला गेली, विम्याच्या ऑफिसात लागली, मुलं झाली, आणि तिनं गाणं सोडलं. साफ सोडलं; तानपुराही माहेरीच राहिला. मी मात्र एक दिवस खंड पडू दिला नाही. पहाटेचा रियाज केला, क्लास चालवला, देवळांच्या उत्सवांत वाजवलं, हौशी नाटकांना साथ केली. बारा-पंधरा वर्षं हे असं चाललं. आणि एके दिवशी पल्लवी पुन्हा गायला लागली आणि वर्षाच्या आत संग्रहात गेली. आवाज जसाच्या तसा, कपाटातून घडी न मोडता काढलेल्या शालूसारखा.

यंदा फेरीकडून मला फोन आला. शेवटच्या मुक्कामी गायिकांना साथ करायची आणि शिवाय थोडा वेळ माझं स्वतंत्र वादन. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला 'तुमचं स्वतंत्र' असं म्हणत होतं. फोन ठेवून मी ह्यांना सांगायला स्वयंपाकघरात जाईपर्यंत पल्लवीचा मेसेज आला होता: "आला का फोन? मीच सुचवलं तुझं नाव!" त्या उद्गारचिन्हानं माझा निम्मा आनंद खाल्ला.

मुकुंदवाडी

पल्लवीचं घर मुकुंदवाडी स्टेशनपासून जवळ आहे. स्टेशन छोटंसं. गाड्या बऱ्याचशा न थांबताच जातात, पण जाताना घरातल्या फडताळातले कप वाजवून जातात. सकाळी रिक्षातून उतरले तेव्हा पल्लवीनं माझ्या हातातली पेटी आधी घेतली आणि मग मला मिठी मारली. दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या. पल्लवी त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणायला लागले.

"ये बाई, ये. लई लांबून आलीस," त्या म्हणाल्या. "पाणी पी. गरम पाणी काढलंय, आंघूळ कर. मंग जेव."

आत गेले आणि समोरच्या भिंतीवर दोन्ही संग्रहांची मुखपृष्ठं दिसली, काच लावून, नीट चौकटीत. पहिल्यावर सगळ्या कलावंत बायकांचा एकत्र फोटो आणि पल्लवी मधोमध, हसत. दिवाणावर कुठंही बसलं तरी ती दिसायची. मी शेवटी भिंतीला पाठ करून बसले.

जेवायला ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. आमच्याकडं चटणी म्हणजे ओलं खोबरं. इथल्या चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं आणि तरी हात थांबेना. आत्यांनी मला निरखून पाहिलं आणि आत जाऊन भाताचं पातेलं घेऊन आल्या.

"तुमच्या कोकणात भाताबिगर पोट भरत नाय म्हणं. म्हणून टाकला. लाजू नको."

मी लाजले नाही, पण मनात आलं ते वेगळंच होतं. माझ्या सासरी एवढ्या वर्षांत, कार्यक्रम करून आल्यावर मला काय खावंसं वाटतं हे कुणी विचारलेलं नाही. विचारत नाहीत म्हणजे वाईट आहेत असं नाही. त्यांना सुचत नाही. पल्लवीला मात्र सुचणारी माणसं मिळाली. दुपारी आत्यांनीच ती हकीकत सांगितली. ऑफिसच्या कुठल्याशा समारंभात पल्लवी गायली, तिथं फेरीतल्या एक बाई होत्या, त्यांनी बोलावलं, आणि ही नको नको म्हणत होती.

"म्या म्हणलं, जा की! पोरांचं मी बघते. घरात गप गप राहायली होती इतके वर्स, मला काय दिसत नव्हतं व्हय? गाणं असून बंद ठेवलं तं माणूस चिडकं व्हतं."

पल्लवी कणीक मळता मळता गुणगुणत होती. "रियाज कधी करतेस?" मी विचारलं.

"हाच काय तो," ती हसून म्हणाली. "वेगळा वेळ कुठून आणू गं?"

त्या दुपारी पेटी काढून मी जरा जास्तच वेळ वाजवत बसले. इथल्या कोरड्या हवेत पेटी वेगळीच वागत होती. रत्नागिरीच्या दमटपणानं फुगलेल्या पट्ट्या सैल झाल्या होत्या, भाता हलका चालत होता, बोट नुसतं ठेवलं तरी सूर बोलत होता. आमच्याकडं मी त्याच सुरासाठी झगडते. या गावात पेटीलासुद्धा सोपं जातं, असं मला वाटलं, आणि त्याचाही राग आला.

गुलमंडी

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं रजा काढली होती. "तुला हिमरूची शाल घ्यायची आहे," ती म्हणाली, आणि आम्ही गुलमंडीला गेलो. आमच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाइकाकडं बघून न बघितल्यासारखं करतो; घ्यायचं असेल तर बोलेल, असा हिशेब. इथं रस्त्यातूनच हाका. "या ताई, बसा तरी, घेऊ नका." कापडाची दुकानं, बांगड्या, अत्तरं, तांब्यापितळेची भांडी, आणि मधूनच तुपात सुटणाऱ्या इमरतीचा वास. आधी इमरती खाल्ली. गरम, कडेला कुरकुरीत, आत पाक. मी दोन खाल्ल्या आणि तेवढा वेळ माझं मन स्वच्छ होतं.

मग शालीच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या वयस्कर गृहस्थांनी पल्लवीला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले.

"अरे, बाईसाहेब! आइए, आइए. तुमचं गाणं रोज ऐकतो आम्ही. खोटं नाही बोलत, थांबा."

त्यांनी मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला आणि दुकानात दुसरा संग्रह सुरू झाला. आधी मैदानावरचा गोंगाट, कुणीतरी तबला ठोकून पाहतंय, एक कुत्रं भुंकतंय, आणि त्या सगळ्यातून पल्लवीचा षड्ज. मी तो घरी पुष्कळदा ऐकला होता, हेडफोन लावून, चुका शोधत. तिथं गठ्ठ्यांच्या मध्ये बसून ऐकताना लक्षात आलं की त्या गृहस्थांना कुत्र्याचं भुंकणंसुद्धा पाठ आहे. "आता एक बाई 'वा' म्हणेल," ते म्हणाले, आणि बाई 'वा' म्हणाली. ते असे खूश झाले जणू तेच म्हणाले.

"ही माझी मैत्रीण मेधा," पल्लवीनं माझी ओळख करून दिली. "पेटी वाजवते. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेली आहे."

"अच्छा? यांचं पण आहे का यात?"

"यंदा येईल," पल्लवी म्हणाली.

गृहस्थ माझ्याकडं पाहून सौजन्यानं हसले आणि पुन्हा स्पीकरकडं वळले. पल्लवीनं माझ्यासाठी जांभळी शाल निवडली, माझ्या खांद्यावर टाकून पाहिली आणि मागं सरून म्हणाली, "बघ, तुला किती खुलतं हे." खुलत होतं खरं. मला स्वतःला तो रंग कधीच सुचला नसता. ज्या माणसाचा हेवा करायचा तो निदान थोडा तरी वाईट असावा. पल्लवीनं माझी एवढीही सोय केली नव्हती.

गंगापूर

मैफलीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गंगापूरला गेलो. तिच्या सासरची शेती तिकडं आहे. ऊस, कापूस आणि घरापुरती ज्वारी. पल्लवीचे यजमान दिलीपराव गाडी चालवत होते आणि मला दोन्हीकडचं दाखवत होते. आमच्याकडं वळणामागं काय आहे ते वळण घेतल्याशिवाय कळत नाही. इथं अर्ध्या तासानं जिथं पोचणार ते झाडही आत्ताच दिसतं. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या आणि कुणालाच घाई नव्हती.

शेतात शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवलेली होती. कोवळी कणसं निखाऱ्यांत भाजायची, गरम असतानाच तळहातांत चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं आणि हिरवे मऊ दाणे तोंडात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. माझे हात भाजले. आत्या माझ्या वाटचं चोळून देत राहिल्या. "खा गं, तुमच्याकडं हे नाय भेटायचं," असं म्हणत त्यांनी माझ्या पानावर ढीग घातला.

जेवणं झाल्यावर भावकीतल्या बायका जमल्या आणि पल्लवीला गायचा आग्रह सुरू झाला. वारा गार सुटला होता, आगटीचा धूर सगळीकडं पसरला होता. "उद्या कार्यक्रम आहे," मी हळूच म्हटलं. पल्लवीनं ऐकलं नाही. बायका खाली मातीत बसल्या होत्या, तीही पदर खोचून बसली आणि गायली. एक झालं, दुसरं झालं, मग त्यांनी गायलं आणि हिनं साथ दिली. मी बांधावर एकटी बसून दाणे खात होते. पेटी मुकुंदवाडीला राहिली होती आणि मला कुणी काही म्हणायला सांगणार नव्हतं.

परतताना गाडीत पल्लवीचा आवाज बसायला लागला. गंगापूर सोडलं तेव्हा नुसता घोगरा होता. घरी पोचलो तेव्हा ती आत्यांशी बोलायला गेली आणि आवाजाऐवजी हवाच बाहेर आली.

हे लिहायला अवघड आहे, तरी लिहिते. मला आनंद झाला. लहानसा, खिशात ठेवता येईल एवढा. उद्या ती गाऊ शकली नाही तर लोक काय ऐकतील? माझं ऐकतील. संग्रहात या गावचं कोण जाईल? हे सगळं माझ्या डोक्यात जिना चढता चढता झालं. वर गेल्यावर मी बॅगेतून ज्येष्ठमधाच्या काड्या काढून तिला दिल्या, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लावल्या आणि बोलू नकोस म्हणून दम भरला. तिनं माझा हात घट्ट धरला. त्या स्पर्शानं तो आनंद जायला हवा होता. गेला नाही, नुसता दबून बसला.

मैदान

मैफल एका शाळेच्या मैदानावर होती. ऊन उतरल्यावर सुरू झाली. सतरंज्या, मागं खुर्च्या, बाजूला चहाचं टेबल, आणि मंचाच्या डाव्या हाताला ध्वनिमुद्रणाचं सामान मांडून बसलेली फिरदौस. दोन्ही संग्रह तिनंच मुद्रित केले आणि तिनंच जुळवले. जुन्या शहरात राहते, वयानं आमच्याएवढीच. कानावर मोठे हेडफोन आणि त्यावरून ओढणी. माझ्या पेटीजवळ माइक लावायला आली तेव्हा म्हणाली, "मेधाताई, भाता इतनी जोर से बंद नक्को करो. बाकी कुछ नहीं. बिनधास्त वाजवा."

मी बिनधास्त वाजवलं नाही. पटदीप निवडला होता, महिनाभर बसवला होता. आलापीत कुठं थांबायचं, कुठली जागा दोनदा घ्यायची, सगळं ठरलेलं. डाव्या हाताला ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लुकलुकत होता आणि माझं एक लक्ष सतत त्याच्याकडं. निम्म्यात आले असेन तेव्हा रस्त्यावरून लग्नाची वरात आली. बँड, ताशा, नाचणारी पोरं. लोक माना वळवून बघायला लागले, काही हसले. मी न थांबता वाजवत राहिले आणि ठरल्याप्रमाणं संपवलं. टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. मंचावरून उतरताना मी वरातीला शिव्या देत होते, आणि खोटं कशाला बोलू, एक सबब मिळाली म्हणून आतून हलकीही झाले होते.

पल्लवी सगळ्यात शेवटी होती. दिवसभर ती एक शब्द बोलली नव्हती. मंचावर बसताना मी विचारलं, "जमेल?" तिनं खांदे उडवले.

यमन. आमच्या बाईंनी बांधलेली बंदिश, रत्नागिरीच्या खोलीत आम्ही दोघींनी घोटलेली. सुरुवातीला आवाज लागला. जाडसर, पण लागला. लोकांनी पहिल्या आवर्तनालाच माना डोलावल्या. झालं, मी मनात म्हटलं, घसा बसला तरी हिचंच. स्थायी झाली, अंतऱ्याकडं निघाली, वरचा षड्ज घ्यायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. खरखर आली. तबल्यावरच्या मुलीनं ठेका चालू ठेवला. पल्लवी माझ्याकडं वळली.

त्या नजरेची मला ओळख आहे. खोलीत शब्द विसरली की ती अशीच वळायची, आणि मी पेटीवर पुढची ओळ वाजवून द्यायचे. मी अंतरा उचलला. ती येईल म्हणून एक आवर्तन वाजवलं. ती आली नाही. डोळे मिटून नुसता हातानं ताल देत राहिली. मग मी पुढं गेले.

त्या वेळी मी मैत्रिणीला सावरत होते असं म्हणायला मला आवडेल. तसं नव्हतं. मला राग आला होता. एवढ्या वर्षांचा, भिंतीवरच्या चौकटींचा, शालीच्या दुकानाचा, त्या उद्गारचिन्हाचा. तुमच्या पल्लवीच्या आवाजाशिवायही यमन उभा राहतो, हे त्या पूर्ण मैदानाला दाखवायचं होतं. लाल दिवा विसरले. ठरलेलं आठवायचा प्रश्नच नव्हता, कारण काही ठरवलेलंच नव्हतं. बोटं जिथं जायला घाबरतात तिथं गेली, गंधारावर बसून राहिली, पंचमाला वळसा घालून परत आली. कुणीतरी पुढच्या रांगेतून दाद देत "हाय हाय" म्हणालं. पोरं गप्प झाली होती. मी किती वेळ वाजवलं मला सांगता येणार नाही.

आणि मग खालच्या सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखा, पल्लवीचा आवाज आला. तुटका, गोणपाटासारखा. तिनं वरचा षड्ज सोडूनच दिला होता. मंद्रातच बंदिशीचा मुखडा धरला, आणि मी तिच्यासाठी खाली उतरले. शेवटची काही आवर्तनं आम्ही अशी केली, ती जमिनीवर आणि मी तिच्या मागं.

लोक उठून उभे राहिले. तिच्याकडं बघून. पल्लवीनं माझ्याकडं हात केला तेव्हा माझ्याकडंही पाहिलं, पण टाळ्या आधी सुरू झाल्या होत्या.

फिरदौसचं घर

निघायच्या दिवशी पल्लवी ऑफिसला गेली होती आणि फिरदौसनं मला घरी बोलावलं. सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर तिची खोली. भिंतींना गाद्या उभ्या करून लावलेल्या, एक टेबल, दोन स्पीकर. तिच्या अम्मीनं चहा आणि खारी आणून ठेवली. इथला चहा घट्ट आणि गोड. आमच्याकडं याला बासुंदी म्हणतील.

"पहले सुनो," फिरदौस म्हणाली. "बाद में बात करेंगे."

तिनं माझा पटदीप लावला. वरात आली तिथं मी म्हटलं, "हा बँड..."

"बँड का कुछ नहीं, ताई. पहले अल्बम में तो गाढव ओरडलं आहे. लोगां को पसंद आता. लाइव म्हणजे असंच. तुम पेटी सुनो."

मी पेटी ऐकली. चूक एकही नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, पाहुणे येणार म्हणून आवरलेल्या खोलीसारखं. मी फिरदौसकडं पाहिलं. ती खारी चहात बुडवत राहिली.

मग तिनं यमन लावला. पल्लवीचा आवाज, त्याचं थांबणं, खरखर, आणि मी. मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. हे कोण वाजवतंय, असं मला खरंच वाटलं. आमच्या बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत होतं. काहीच म्हणाल्या नसत्या. डोळे पुसून आत गेल्या असत्या.

"अब बात ऐसी है," फिरदौस म्हणाली. "या गावाची एकच जागा उरली. दोन्हींत तुम हो. पटदीप घेतला तर तुमचं नाव वर, अकेला. यमन घेतला तर पल्लवी का नाम, और नीचे साथ में तुम. कायदा वैसाच है, गाणारीचं नाव वर. मी कलावंतालाच विचारते. पल्लवीकू पूछी नहीं, क्योंकि वो आपका पटदीपच बोलेगी."

ते खरं होतं. पल्लवीनं तेच सांगितलं असतं, मनापासून.

मी पुन्हा पटदीप लावायला सांगितला. पुन्हा यमन. माझा चहा गार झाला. ज्याची मी एवढी वर्षं वाट पाहिली, माझं नाव वर, एकटं, ते समोर ठेवलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवणं पल्लवीच्या नावाखाली पडलं होतं. दोन्हींपैकी कुठलंही घेतलं तरी हेवा सुटणार नव्हता. पटदीप घेतला असता तर माझ्याच यमनाचा हेवा केला असता.

"यमन," मी म्हटलं.

"सोचो ताई."

"सोचलं. माझं चांगलं तिथं आहे. तिच्या नावाखाली आहे ते माझं नशीब."

फिरदौसनं मान हलवली. "नाव खाली असलं तरी आवाज वर आहे तुमचा," ती म्हणाली. "मिक्स मी करते ना." मग दोघी हसलो, आणि मला जरा बरं वाटलं.

रत्नागिरी

संग्रह यायच्या आधी यादी जाहीर झाली तेव्हा पल्लवीचा फोन आला. आवाज पूर्ण परत आलेला, आणि चढलेला.

"अगं मेधे, तुझं सोलो घेतलंच नाही! आणि तो माझा फाटक्या आवाजाचा यमन घेतलाय. मी आत्ता फिरदौसला फोन लावते. कान आहेत का काय यांना? तुझा पटदीप मी समोर बसून ऐकलाय..."

मी तिला लगेच थांबवायला हवं होतं. पण ती माझ्या वाजवण्याबद्दल बोलत होती, एकेक जागा आठवून, चिडून, आणि मला ते ऐकायचं होतं. मी तिला पुष्कळ बोलू दिलं. मग म्हटलं, "पल्लवी, फिरदौसनं मला विचारलं होतं. यमन मी निवडला."

फोनमध्ये मागं गाडी गेल्याचा आवाज आला, तिच्या घरचे कप वाजले असतील.

"माझ्यावर उपकार केलास व्हय?" ती शेवटी म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या बोलण्यात शिरलेलं ते मराठवाड्याचं 'व्हय' मी पहिल्यांदाच नीट ऐकलं.

"नाही गं. माझं वाजवणं निवडलं. तू मध्ये आलीस."

ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली आणि म्हणाली, "तेव्हा तू एवढी का चिडली होतीस? तुझ्या बोटांत कळत होतं मला." मी म्हटलं, भेटल्यावर सांगेन. सांगणार आहे की नाही, अजून ठरवलं नाही.

संग्रह आता माझ्या फोनवर आहे. क्लासमधल्या मुली ऐकवा म्हणतात, शेजारपाजारचे येतात. मी तो यमन कधीच पहिल्यापासून लावत नाही. बोटानं सरकवत नेमकी तिथं नेते जिथं पल्लवीचा आवाज बसतो, आणि तिथून ऐकवते. ती परत येते तिथं बंद करायचं असतं. हात पुढं जातोही. पण खालून तो तुटका आवाज येतो, पेटी त्याच्यासाठी खाली उतरते, आणि मला ते शेवटपर्यंत ऐकावं लागतं.